एक्सरेत रक्तवाहिनी दिसली तेव्हा
मी डायलिसिस टेक्निशियन आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका युनिटला. आमच्याकडे एक काका येतात, बरीच वर्षं झाली, पाणी मोजून पिणारे, दोन डायलिसिसच्या मधे वजन कधी फार वाढवून न आणणारे. तक्रार काय तर अंगाला खाज आणि हाडं ठणकतात. मग बोटं दुखायला लागली म्हणून गावातच हाताचा एक्सरे काढला आणि फिल्म घेऊनच आले, "ताई बघा ओ, कुठं मोडलंय का."

मोडलं काहीच नव्हतं. पण बोटांच्या मधल्या पेराच्या हाडाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, आणि मनगटापाशी दोन बारीक पांढऱ्या समांतर रेघा. रक्तवाहिनी होती ती! साध्या एक्सरेत ती दिसतच नाही, दिसली म्हणजे भिंतीत कॅल्शियम बसलंय. फिल्म लगेच आमच्या डॉक्टर सरांना दाखवली, त्यांनी पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनची रक्ततपासणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला. पीटीएच 1480. नॉर्मल माणसाला साधारण 65 च्या आत असतो, डायलिसिसवाल्यांना 600 च्या आसपासपर्यंत चालवून घेतात. फॉस्फरस पण जास्त, 7.9. इकोमधे हृदयाची डावी भिंत जाड झालेली आणि व्हॉल्व्हवर पण कॅल्शियम. छातीत कधी दुखलं नव्हतं त्यांच्या.

होतं असं की किडनी गेली की फॉस्फरस साठतो, व्हिटॅमिन डी कामाला येत नाही, कॅल्शियम घसरतं आणि मग गळ्यातल्या त्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतच राहतात, तो हाडातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस ओढून काढतो आणि ते जाऊन बसतं रक्तवाहिन्यांत. चार तासाच्या डायलिसिसनं फॉस्फरस निघतो पण पुरेसा नाही, म्हणून जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारी गोळी असते.

गोळी चालू होती ओ! काकूंना विचारलं कशी देता, तर म्हणाल्या, "सकाळी चहाबरोबर सगळ्या एकदमच देते, विसरायला नको म्हणून." फॉस्फरसची गोळी घासाबरोबर पोटात गेली तरच जेवणातला फॉस्फरस धरते, रिकाम्या पोटी तिला धरायला काही नसतंच. हे त्यांना आजवर एकाही माणसानं सांगितलं नव्हतं, आधी जिथं डायलिसिस व्हायचं तिथंही नाही. आणि पीटीएच महाग म्हणून दर महिन्याच्या रिपोर्टात नसायचाच. मला फार वाईट वाटलं, इतकी काळजी घेणारं घर आहे ते.

त्यांची फॉस्फरसची गोळी कॅल्शियमवाली होती, सरांनी ती बंद करून सेवेलामर (बिनकॅल्शियमची फॉस्फरसची गोळी) दिली, आणि पीटीएच उतरवायला सिनाकॅल्सेट चालू केली. काकू आता जेवणाच्या डब्यातच गोळी ठेवतात. सहा महिन्यांनी पीटीएच 850 वर आलाय, खाज खूप कमी आहे, रात्री झोप लागते म्हणतात. व्हॉल्व्हवरचं कॅल्शियम मात्र आहे तसंच आहे, ते औषधानं धुऊन जात नाही. पुढच्या वेळी पीटीएच अजून उतरला नाही तर ग्रंथी काढायच्या ऑपरेशनचं बघू असं सर म्हणालेत, आणि त्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडून फिटनेस घ्यायचाय.