वजन कुठी हाय?

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला. सोबत सूचनाही होती, की शाळेच्या सर्वांगीण वाटचालीवर लिहावं. सर्वांगीण लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. खो-खोच्या संघावर कोणी ना कोणी लिहीलच, पंधरा ऑगस्टच्या लेझमीवरही. मी विज्ञानाच्या सरांवर लिहिणार आहे. त्यांचं नाव टाकत नाही, कारण छापलेलं त्यांना आवडायचं नाही आणि तशी गरजही नाही. बाकीच्यांना आपण आडनावानं ओळखायचो. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की कोणते, ते शिपाईकाकांनाही कळायचं.

२००१ साली मी आठवीत होतो. २८ मार्चला श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या जीएसएलव्ही या रॉकेटचं पहिलं उड्डाण होतं. बाजूची इंजिनं पेटली, पण चारातल्या एकाचा जोर पुरता चढेना, आणि उडायला जेमतेम सेकंद उरला असताना संगणकानं सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी "फुस्स झालं" म्हणून हसलं. ते सरांना लागलं असावं. पेपर घेऊन तरातरा आमच्या वर्गात आले. "पोट्टेहो, याले फुसकं नाही म्हनत. ज्या यंत्राले आपलं दुखनं उडायच्या आंधी समजते, ते हुशार." सर एरवी पुस्तकी बोलायचे, वऱ्हाडीत शिरले की समजायचं, आता माणूस मनातलं बोलतोय. १८ एप्रिलला तेच यान उडालं. तोवर परीक्षा आटोपत आल्या होत्या, तरी सरांनी कात्रण फळ्याशेजारी लावलं. ते पुढे कितीतरी दिवस तिथंच पिवळं होत गेलं.

२६ जूनला शाळा उघडली तेव्हा त्यांच्या डोक्यात बेत तयार होता. बाटलीत पाणी घालून सायकलच्या पंपानं हवा भरायची आणि रॉकेट उडवायचं, हे आम्ही आधीच्या वर्षी केलंच होतं. या वेळी सर म्हणाले, "बाटली तं कोनीबी उडवते. वरून काही उतरलं पाह्यजे." म्हणजे रॉकेटनं दोन छोटी ग्लायडरं, बिनइंजिनाची विमानं, वर न्यायची, शेंड्याला पोचल्यावर सोडायची, आणि ती तरंगत खाली यायची.

सामान म्हणजे आपल्या गावात मिळेल ते. लग्नाच्या मांडवातून आणलेली थंड्याची दोन लिटरची बाटली. प्रयोगशाळेतलं भोकाचं रबरी बूच, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व. शेपटीच्या पात्यांना दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेची फिल्म, कारण पुठ्ठा पहिल्याच उडीत भिजून लोळागोळा होतो. ग्लायडरचे पंख थर्माकोलच्या ताटल्यांचे, तापलेल्या ब्लेडनं कापलेले, आणि धड म्हणून बांबूची तासलेली कामटी. (त्या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे. झालं ते बरंच झालं, पण पंखाला तसलं हलकं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.)

पाणी बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच. नुसती हवा सोडली तर ती हलकी, ढकलायला तिचा जोर पुरत नाही. पाणी जड, ते खाली फेकलं गेलं की बाटली तितक्याच हिसक्यानं वर जाते. पण पाणी जास्त भरलं तर दाबायला हवाच उरत नाही. हे सरांनी आधी सांगितलं नाही. पाऊण बाटली भरून आम्हाला उडवू दिली. ती जागच्या जागी सगळ्यांना न्हाऊ घालून आडवी पडली, मग म्हणाले, आता वहीत लिहा.

सरांचा एकच प्रश्न असायचा: "वजन कुठी हाय?" काही वाकडं गेलं, पडलं, फिरलं, की आधी हाच. रॉकेट सरळ जायला त्याचं वजन पुढे हवं आणि वारा ज्यावर जोर करतो ती पाती मागे हवीत. ते तपासायला सरांनी बाटलीला तिच्या तोलाच्या ठिकाणी सुतळी बांधली आणि मळ्यावर पाखरं हाकलायला गोफण फिरवतात तशी मैदानात डोक्याभोवती गरगर फिरवली. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, आणि बाटली आडवीतिडवी गटांगळ्या खाते आहे. डोक्याशी चिकणमातीचा गोळा थापला, पुन्हा फिरवली, तर बाटली नाक पुढे करून गुमान फिरायला लागली. सातवीची पोरं खिडक्यांतून बघत होती, त्यांच्या इतिहासाच्या बाईंनी शेवटी खिडक्या लावून घेतल्या.

ग्लायडरं बाटलीच्या दोन बाजूंना, खालच्या अंगाला लटकवायची ठरली, म्हणजे वर जाताना त्यांचे पंखच शेपटीच्या मदतीला येतात. पण दोन्ही अगदी सारखी हवीत. पंख असला की तो एका बाजूला ओढणारच. दोन्ही सारखी असली तर ती ओढ एकमेकींत जिरते, नाहीतर रॉकेट गिरक्या घेत जातं. आमचं पहिलं गिरक्या घेत थेट शाळेमागच्या गोठ्यावर गेलं होतं. तेव्हापासून सर ग्लायडरं खिशात घालून सोनाराकडे न्यायचे आणि त्याच्या काट्यावर वजन करून आणायचे. जड निघालेल्याचा पंख पॉलिश पेपरनं घासायचा.

ग्लायडर आधी हातानं सोडून बघायचं, तेही पाण्याच्या टाकीवर चढून. पंखाखाली दोन बोटं, पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, तिथं ते तोललं गेलं पाहिजे. नाक वर करून थबकलं आणि मग आपटलं, तर नाकाला माती कमी. सुरुवातीलाच बुडी मारली, तर शेपटीची मागची कड केसभर वर. आणि उभ्या शेपटीला थोडा बाक द्यायचा. "सरळ गेलं तं तुरीत जाईन, गोल फिरलं तं शाळेतच उतरन." डिसेंबरातली तूर डोक्याइतकी उंच असते, तिच्यात गेलेलं ग्लायडर कापणीपर्यंत सापडत नाही.

मग अडलं ते टोपीवर. रॉकेटच्या डोक्यावर कागदी टोपी नुसती ठेवलेली, दोन्ही ग्लायडरांच्या नाकाचे दोरे तिच्याखाली दाबलेले. वर जाऊन वेग संपला की टोपी पडणार, दोरे सुटणार, ग्लायडरं मोकळी. कागदावर झकास. प्रत्यक्षात पाणी संपताक्षणीच, बाटली भर वेगात असताना, टोपी उडून जायची आणि ग्लायडरांचे पंख फाटायचे. टोपी घट्ट केली तर पडायचीच नाही. आम्ही आपले कागद बदल, उतार बदल, डिंक लाव, असं करत बसलो.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर सर निंबाच्या पारावर टोपी हातात घेऊन बसले होते. बराच वेळ. टोपीच्या आत तो मातीचा गोळा थापलेला. एकदम उठले आणि मला म्हणाले, "बस मांगं." मी त्यांच्या लुनावर मागे बसलो. हातात बाटली दिली, नाक पुढे करून खांद्यावरून धरायची. टोपीतली माती काढून त्यांनी ती बाटलीच्या डोक्यावर चिकटवली, वर रिकामी टोपी नुसती टेकवली. मैदानाला चक्कर सुरू. लुना जोरात होती तोवर वाऱ्यानं टोपी बाटलीवर दाबून धरली, हललीसुद्धा नाही. कोपऱ्यावर सरांनी वेग कमी केला, मी बाटली थोडी कलंडवली, टोपी आपली सुटून खाली. मग माती पुन्हा टोपीत घालून एक चक्कर, जरा वेगात आणि मध्येच करकचून ब्रेक. लुना थांबली, बाटली थांबली, जड टोपी मात्र पुढच्या पुढे गेली. पाणी संपल्यावर रिकाम्या बाटलीला वारा असाच ब्रेक लावतो. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण सर लुना बंद न करता ओरडून म्हणाले, "वजन टोपीत होतं, साहेब! बाटलीवर पाह्यजे होतं!" हेडमास्तरांनी मान हलवली आणि आत गेले.

मी पुढे डिप्लोमा केला, मोठमोठी समीकरणं पाठ केली, पण त्या लुनावर कळलं तसं पुन्हा कशात कळलं नाही.

तालुक्याच्या प्रदर्शनात आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी टेबलाशी येऊन विचारलं, "याचा उपयोग काय?" आणि पुढे गेले. पहिला नंबर सौरचुलीला; आमच्या वेळी तो दरवर्षी सौरचुलीलाच असायचा. सभागृहात उडवायची परवानगी नव्हती, म्हणून सरांनी जेवणाच्या सुटीत मागच्या पडीक रानात विटा मांडल्या. बाटली चिंचेच्या वर गेली, टोपी पडली, एक ग्लायडर सुटलं आणि गोल गोल घिरट्या घेत जेवणाच्या रांगेवरून येऊन मसालेभाताच्या घमेल्याच्या काठावर टेकलं. वाढप्यानं ते उचलून कानामागच्या पेन्सिलीशेजारी खोचलं. दुसऱ्याचा दोरा अडकला, ते बाटलीबरोबर आपटून मोडलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सर त्या मोडलेल्यापाशीच उकिडवे बसले होते, दोऱ्याची गाठ बघत.

आज माझा फवारणीच्या ड्रोनचा धंदा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून हे काम डोक्यात होतं. नियम आले, मी रिमोट पायलटचं सर्टिफिकेट काढलं, कर्ज काढून मशीन घेतलं. आता पंचक्रोशीतली चार पोरं माझ्याकडे शिकून स्वतःचं काम करतात, हे सांगताना थोडी फुशारकी होते, होऊ द्या. टाकीतलं औषध अर्ध्यावर आलं की हेलकावे खातं आणि ड्रोन डुलायला लागतो. पोरं आधी मोबाइलमधली सेटिंग चाळतात. मी विचारतो, वजन कुठी हाय? आताशा तीही एकमेकांना तेच विचारतात. कोणाचं वाक्य आहे, ते त्यांना ठाऊक नाही.

२३ मे २०१६ ला इस्रोनं पंखांचं यान रॉकेटवर बसवून सोडलं. ते साधारण ६५ किलोमीटर उंच गेलं आणि तरंगत बंगालच्या उपसागरात उतरलं. मी त्याच दिवशी सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला असतात. बातमी त्यांनी बघितली होती. म्हणाले, "त्यायनं ग्लायडर डोक्स्यावर बसोलं. आपन बाजूले लटकोलं होतं." मग जरा थांबून, "त्यायचं बराबर हाय. दोन सारखी करायची कटकट नाही." २ एप्रिल २०२३ ला चित्रदुर्गला तसल्याच यानाला हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटरवरून सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं, तेव्हा फोन त्यांचाच आला. मला कापूस वेचणीचा हिशेब अर्धा सोडून तासभर ऐकावं लागलं.

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेत आता संगणक आहेत, त्यावर झाकणं आहेत. मैदानाच्या अर्ध्या भागावर शेड आणि फरशी आली. विज्ञान प्रदर्शनाची मॉडेलं अमरावतीच्या दुकानात तयार मिळतात, बटण दाबलं की दिवा लागतो, असं एका पालकानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी काही बोललो नाही. शिक्षकांवरची कामं वाढलीत, याद्या, माहित्या, ऑनलाइन नोंदी, लुनावर चकरा मारायला वेळ कोणाला आहे, हे मलाही दिसतं. तरी राग यायचा तो आलाच.

उत्सव समितीनं देणगी मागितली आहे. रोख मी वेगळी देतो. शिवाय पायानं मारायचे दोन पंप, भोकाची रबरी बुचं, व्हॉल्व आणि एक बारीक वजनाचा काटा एवढं सामान पाठवतो आहे. पेटीवर देणगीदाराचं नाव नको, फलकही नको. डिसेंबरच्या आत पोचेल. फक्त प्रयोगशाळेतलं जुनं लाकडी कपाट अजून आहे का, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, तेवढं कळवा.

— माजी विद्यार्थी, दहावी, मार्च २००३