घरी अजून एक जण आहे

आज ५ मे, इथला, म्हणजे जपानातला, मुलांचा दिवस. राष्ट्रीय सुट्टी. आणि आजच टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या एका दुकानाच्या पाटीनं मला कळवलं की माझा मुलगा माणसात मोडत नाही.

पाटीवर लिहिलं होतं, एका व्यक्तीला एकच नग. खाली बारीक अक्षरात, व्यक्ती म्हणजे प्राथमिक शाळेत जाणारी किंवा त्याहून मोठी. आमचे चिरंजीव ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करतील, शाळा पुढच्या एप्रिलमध्ये. म्हणजे बालदिनाचा खाऊ, बालदिनाचं खेळणं, आणि बालक तेवढं हिशेबात नाही.

दुकानाचं नाव सांगत नाही. चूक त्यांची नव्हती हे मला आत्ता, रात्री ११ वाजता, पोटात वरण-भात गेल्यावर कळतंय. सकाळी कळत नव्हतं.

साताऱ्याला माझा भाचा आहे, अकरा वर्षांचा. त्याला यूट्यूबवर शोध लागला की गोल्डन वीकपुरता, म्हणजे मेच्या सुरुवातीला लागून येणाऱ्या सुट्ट्यांपुरता, इथे एक पत्र्याचा डबा निघालाय. आत माशाच्या आकाराची बिस्किटं, आणि कोइनोबोरीवर, म्हणजे या दिवसांत इथल्या गॅलऱ्यांतून फडफडणाऱ्या कापडी कार्प माशावर, स्वार झालेलं एक बोटभर मांजर. "आत्या, तू तिथंच राहतेस ना?" एवढाच त्याचा युक्तिवाद. वहिनी मागून म्हणाली, "ताई, नसेल मिळत तर राहू द्या हं." माहेरी भाऊ-वहिनी असलेल्या कुठल्याही बाईला विचारा, या वाक्याचा अर्थ काय होतो.

असल्या वस्तूंना इथे फिग्युआ म्हणतात. मराठीत 'मी फिगर जमवते' म्हटलं तर लोक भलतंच समजतील, म्हणून आमच्या घरात त्यांना चित्रं म्हणतात. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची असतात ती चित्रं. राजवाड्याजवळच्या हातगाडीवरून आणलेले मावळे, एक तोफ, विहिरीवरची बाई, आणि बुरुजापेक्षा उंच असा एक वाघ. "मोठी मोठी माणसं बाहुल्या काय जमवतात" असं घरून कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझ्या आईच्या कपाटात बिनाका टूथपेस्टबरोबर मिळालेले प्लास्टिकचे प्राणी अजून आहेत, आणि त्यांना हात लावायची परवानगी मला पस्तिशीनंतर मिळाली. नवरा या सगळ्याला 'प्लास्टिक' म्हणतो. त्याच्या आईच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात एक हात तुटलेला मावळा आहे, ते मी त्याला दर वेळी आठवण करून देते. इथेसुद्धा ५ मेच्या आधी घराघरात सामुराईचं शिरस्त्राण मांडतात आणि सण झाला की कापडात गुंडाळून ठेवतात. खोकं तेवढं त्यांचं देखणं असतं.

तर आज सकाळी घरून, निशी-कासाईहून, निघालो, कायाबाचोला गाडी बदलली आणि ८ वाजून १० मिनिटांनी रांगेत उभे राहिलो. दुकान १० वाजता उघडणार, पण साडेनऊला सेइरिकेन वाटणार होते. सेइरिकेन म्हणजे नंबर घातलेलं चिटोरं. ते हातात असेल त्यालाच आत जाऊन डबा घेता येतो. आमचा बेत सरळ होता. एक मी, एक नवरा, दोन डबे. एक चिरंजिवांना, एक साताऱ्याला.

९ वाजून २५ मिनिटांनी चिरंजीव म्हणाले, "आई, शू."

नवरा त्याला घेऊन स्टेशनाकडे पळाला. आणि दुकानातला मुलगा चिटोऱ्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आला. आपल्याकडे साडेनऊ म्हणजे पावणेदहा हे गृहीत धरून मी निवांत होते. इथे साडेनऊ म्हणजे साडेनऊ, आणि हे मला सहा वर्षांनंतर नव्यानं शिकायची गरज नव्हती, पण असो. मला ४७ नंबर मिळाला. मी म्हटलं, "अजून एक द्या, माझा नवरा येतोच आहे, मुलाला घेऊन गेलाय."

तो विशीतला असेल. कमरेत वाकला. मोशिवाके गोझाइमासेन. म्हणजे माफीला शब्द नाहीत. मी म्हटलं, हे बघा, ही त्याची टोपी, ही पाण्याची बाटली, आम्ही सव्वा तास इथे आहोत. माझ्या मागच्या बाईंनी मान हलवून साक्षसुद्धा दिली. तो परत वाकला. टोपीकडे त्यानं फार आदरानं बघितलं. पण टोपीला चिटोरं देता येत नाही. 'नाही' हा शब्द त्यानं एकदाही उच्चारला नाही, ही यांची खुबी. आपल्याकडे "नाही म्हटलं ना बाई" म्हणून निदान भांडायला जागा ठेवतात. इथे समोरचा इतका वाकतो की भांडण कुठे टेकवायचं तेच कळत नाही.

आत गेल्यावर गल्ल्यावर मी पुन्हा विचारलं. आतापर्यंत नवराही हजर झाला होता, कडेवर पुराव्यासकट. मागे मांडणीवर डब्यांची चळत दिसत होती, निदान साठ-सत्तर. मी बोट दाखवलं. "ते उद्याचे आहेत," असं काहीतरी तो दुकानातला मुलगा म्हणाला. मला त्या क्षणी ते ऐकायचंच नव्हतं. डबा १६५० येनचा. तो त्यानं दोन्ही हातांनी दिला, कागदी पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं, आणि पाचव्यांदा माफी मागितली. मोजत होते मी.

बाहेर आल्यावर मला नेमकं काय टोचलं ते सांगायचा प्रयत्न करते. आपल्याकडे देवळात प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की हात पुढे करून माणूस म्हणतो, "घरी अजून एक जण आहे." वाढणारा वर न बघता दुसरा द्रोण देतो. तो खात्री करत नाही, कारण घरी कुणीतरी असतंच. आजारी सासूबाई, अभ्यासाला बसलेली मुलगी, पाय मोडलेला दीर. जो आला नाही त्याचाही वाटा असतो. किंबहुना आलेला माणूस न आलेल्यांच्या वतीनंच आलेला असतो. इथे जो रांगेत उभा आहे तेवढाच खरा. स्टेशनच्या स्वच्छतागृहात असलेला नवरा गेला, साताऱ्यातला भाचा तर जन्मालाच आला नाही.

हे नवऱ्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "तुमची आजी गेल्यावर किती वर्षं तिच्या नावाचा प्रसाद येत होता?"

दोन. मी आणि दादा, गणपतीच्या दिवसांत, बुंदीसाठी. पण ते वेगळं.

त्यानं पावतीही वाचून दाखवली, कारण तो पावत्या वाचतो. इथे २०१९च्या ऑक्टोबरपासून खाद्यपदार्थांवर ८ टक्के कर आणि बाकी वस्तूंवर १०. डब्यात खाऊ आणि खेळणं दोन्ही असलं, तर किमतीचा दोन तृतीयांश हिस्सा खाऊचा असेल तरच तो खाऊ. आमच्या पावतीवर १० टक्के होते. म्हणजे सरकारच्या मते बिस्किटं ही केवळ निमित्तमात्र.

मुलाचा हिरमोड नको म्हणून गाचापोनच्या यंत्रांकडे गेलो. नाणी घाला, दांडा फिरवा, प्लास्टिकचा गोळा बाहेर. ही यंत्रं मूळची अमेरिकेतली, जपानात १९६५ साली आली, पण आता इकेबुकुरोत एका दुकानात तीन हजारांवर यंत्रं आहेत म्हटल्यावर मूळ गाव कुणाला आठवतंय. आमच्या यंत्रात रस्तादुरुस्तीचं सामान होतं, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ३०० येन. चिरंजिवांना खोदकामाचं यंत्र हवं होतं, नारिंगी शंकू आला. परत ३०० येन. परत शंकू. तोंड वाकडं व्हायला लागलं तशी शेजारची शाळकरी मुलगी खाली बसली आणि तिनं आपला गोळा पुढे केला. आत लाल दिव्याचा छोटा अडथळा होता. एक शंकू तिनं घेतला, मान लववली आणि गेली. मला वाटतं तिला शंकूची काहीही गरज नव्हती. तिच्या पिशवीत अजून दोन दिसले.

रेडिओ काइकानला न जाता अकिहाबारातून परत येणं म्हणजे पुण्याला जाऊन लक्ष्मी रस्त्यावर न जाणं. नाव रेडिओचं, कारण युद्धानंतर हा भाग रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार होता, आपल्या लॅमिंग्टन रोडसारखा. आता नवी इमारत २०१४ची आणि मजल्यामागून मजले चित्रं. तिथून पुढे दुसऱ्याच एका इमारतीत काचेच्या खणांचं दुकान लागलं. इथे कुणीही एक खण महिन्याच्या भाड्यानं घ्यायचा, आपली चित्रं ठेवायची, किंमत लिहायची. दुकान विकून देतं. बायका घरी केलेले दागिनेही ठेवतात, मला हा प्रकार फार आवडतो. आज तिथे गुडघ्याच्या उंचीच्या एका खणात, दुपारी अडीच वाजता, तीन मांजरं बसलेली होती. कार्प माशावर स्वार. प्रत्येकी ४८०० येन.

बिस्किटं नव्हती.

मी बराच वेळ त्या खणासमोर उकिडवी बसले. हे तेनबाइया, म्हणजे चढ्या भावानं परत विकणारे. त्या बिचाऱ्या मुलाची पाटी यांच्यासाठी होती, माझ्यासाठी नव्हती, हे कळलं. पण लगेच दुसरंही कळलं आणि माझा राग परत आला. तीन मांजरं म्हणजे तीन चिटोरी, म्हणजे तीन माणसं उभी केली असणार. नियम तंतोतंत पाळून! ज्याला धंदा करायचाय तो माणसं जमवतो, आणि जिचा मुलगा नेमक्या वेळी शू म्हणतो ती अडकते. याला शिस्त म्हणायचं तर म्हणा. आमच्या रेशनच्या दुकानात घोळ होतात, कबूल. पण कार्डावर घरात नसलेल्याचंही नाव असतं.

बिस्किटांचं काय झालं असेल हा विचार मला जास्त छळतो. खाऊ टाकून खेळणं ठेवायची रीत इथे जुनी आहे. १९८०च्या दशकात बिक्कुरिमान नावाच्या चॉकलेटातल्या चिकटचित्रांसाठी मुलं वेफर तसंच टाकून द्यायची, मोठ्यांना चिंता पडली होती. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये एका बर्गर साखळीनं मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉनची पत्ती दिली तर लोकांनी पत्ती काढून जेवण टाकून दिलं, कंपनीला माफी मागावी लागली. भाताच्या एका शितावरूनही मुलांना ऐकवणाऱ्या देशात! आपल्याकडे असं झालं असतं तर 'हे आपले लोक' म्हणून मीच लेख लिहिला असता.

"घेऊन टाक," नवरा म्हणाला. "नाहीतर रात्रभर कुरकुरशील." मी घेतलं नाही. तत्त्व होतं की ३१५० येनचा फरक होता ते मला विचारू नका.

येताना निशी-कासाईत काशिवा-मोची घेतल्या. आजचा मान त्यांचा. तांदळाच्या पिठीची उकड, आत लाल बारीक घेवड्यासारख्या अझुकीचं गोड पुरण, वरून ओकचं पान. नवी पालवी फुटेपर्यंत या झाडाचं जुनं पान गळत नाही, म्हणून वंश तुटू नये यासाठी हे पान. पान खायचं नाही, आपण पातोळ्यांची हळदीची पानं टाकतो तसं. जिलेटिनचा घोळ नाही, अंड्याचा प्रश्न नाही. चित्रांसारखा नटवलेला आजचा निम्मा खाऊ, ती मांजराच्या तोंडाची मूस आणि माशाच्या आकाराच्या चिकट गोळ्या, मी मागचं लेबल वाचून परत ठेवला होता. हिच्यात मात्र वाचायला काही नव्हतं. कोकणातल्या माझ्या मावशीला दिली असती तर म्हणाली असती, "उकड जरा जास्त मळायला हवी होती."

घरी पोचलो. डबा टेबलावर, पिशवीसकट, चिकटपट्टी तशीच. चिरंजीव खुर्चीवर चढून विचारतायत, "हे माझं ना?" आणि बरोबर त्याच वेळी साताऱ्याहून व्हिडिओ कॉल. "आत्या, मिळालं?"

"मिळालं," मी दोघांनाही एकदमच म्हणाले.

आता चिरंजीव झोपलेत. यंदा ३ मेची सुट्टी रविवारी आली, म्हणून उद्या ६ तारखेला तिची भरपाई. रविवारी पडलेली सुट्टी हे लोक वाया जाऊ देत नाहीत, पुढचा मोकळा दिवस बघून देऊन टाकतात. न आलेल्याचा वाटा राखून ठेवायचा एवढा एक प्रकार मला इथे सापडला. आणि ते मागच्या मांडणीवरचे डबे उद्याचे आहेत, साडेनऊलाच वाटप आहे, असं तो मुलगा मला तीनदा सांगत होता हे आत्ता आठवलं.

पाटीवर 'एका व्यक्तीला एक' असं होतं. रोज एक की एकूण एक, ते मी वाचलेलं नाही आणि उद्याही वाचणार नाही. नवऱ्याला सांगून ठेवलंय, साडेसातची गाडी, आणि मुलाला सकाळी दूध नाही.