जपानी येत नसताना शाळेत दिवसभर काय करायचे मी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

एक्सचेंज स्टुडंट म्हणून जपानच्या हायस्कूलला होते असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, भाषा येत नव्हती ना, मग वर्गात दिवसभर करायचीस काय? विचारणारे बरेचदा असे आईबाबा असतात ज्यांची मुलगी किंवा मुलगा आता जायच्या तयारीत आहे, म्हणून नीट सांगते.

पहिल्या टर्मला तासांना मी बहुतेक नुसती बसायचे, हे खरं आहे. दिवसाला 50 मिनिटांचे 6 तास, मुलं आपल्याच वर्गात आणि टीचर येऊन जाऊन. गणितात फळ्यावरचं समीकरण वाचता यायचं, इंग्लिशला मला मोठ्याने वाचायला सांगायचे, पण इतिहास आणि कोतेन म्हणजे जुनं जपानी साहित्य, यात काही म्हणजे काही कळायचं नाही. हिरागाना या साध्या जपानी लिपीची 46 अक्षरं पाठ करून गेलं तरी पुस्तक कांजीनी, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांनी भरलेलं असतं, आणि नेहमीच्या वापरातल्या म्हणून सरकारी यादीत असलेल्या कांजीच 2136 आहेत. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागायचं.

मला त्या शाळेत जागा मिळवून दिली ती तासांव्यतिरिक्तच्या कामांनी. रोज शेवटी सोजी असते, म्हणजे साफसफाई, ती मुलंच करतात. बाकं मागे सरकवायची, झाडायचं, पुसायचं, परत पुढे आणायची. जिने, टॉयलेट, दारातली शूज बदलायची जागा, सगळं गटागटात वाटलेलं. यात कोणी काही समजावत बसत नाही, शेजारची करते तसं करायचं. माझं पहिलं खरं बोलणं इथेच झालं, बादली कुठेय, हे तिकडे ठेवू का, एवढंच, पण मी विचारलं आणि आलेलं उत्तर मला कळलं, याचा आनंद किती होता ते सांगता येणार नाही.

तसंच निच्चोकुचं. ही वर्गाची रोजची ड्यूटी, आळीपाळीने येते. तासाच्या सुरुवातीला किरीत्सु, रेई, चाकुसेकी म्हणजे उठा, वाका, बसा असं म्हणायचं, फळा पुसायचा, दिवसाची डायरी लिहायची. होमरूम टीचरना, म्हणजे आमच्या वर्गशिक्षिकांना, मला सहज वगळता आलं असतं. त्यांनी वगळलं नाही, माझी पाळी आली तेव्हा मलाच म्हणायला लावलं आणि अख्खा वर्ग माझ्या शब्दावर उठला, त्या बाईंची मी आजही ऋणी आहे.

आणि मग क्लब! शाळा सुटल्यावर जवळजवळ रोज, बऱ्याचदा शनिवारीसुद्धा. मी क्यूदो घेतलं, जपानी तिरंदाजी. 28 मीटरवर 36 सेंटीमीटरचं लक्ष्य, पण नवीन माणसाला ते लगेच मिळत नाही, आधी रबराच्या सरावाच्या धनुष्यावर नुसत्या हालचाली, मग जवळून गवताच्या पेंढीत बाण, आणि या सगळ्यात सीनियर्सनी मारलेले बाण गोळा करून पुसून आणायचे. मला हे फार आवडायचं कारण पहिल्या वर्षाच्या जपानी मुलीही अगदी हेच करत होत्या, कोपर किती वर ते सेन्पाई म्हणजे सीनियर मुलगी हात धरून दाखवायची, त्यांनाही आणि मलाही. भाषा मला तिथे आली, वर्गात नाही.

सगळ्यात एकटं वाटलं ते परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात. तेव्हा क्लब बंद असतात, सगळे अभ्यासाला पळतात, आणि मला बरेचसे पेपर नव्हतेच. घरी फोन करून रडायची मुलं बहुतेक याच दिवसांत रडतात, आईबाबांनी घाबरू नये, क्लब सुरू झाला की निवळतं.

काही शाळा एक्सचेंजच्या मुलांना लायब्ररीत वेगळं जपानी शिकायला बसवतात. कोतेनच्या तासाला हे ठीक आहे, पण त्यापेक्षा जास्त मला पटत नाही, मूल वर्गापासून तुटतं, तेव्हा तसं वाटलं तर मुलाने नम्रपणे वर्गात बसू द्या म्हणून विचारावं, ऐकतात.

मार्च-एप्रिलला पोचणार असाल तर क्लब एप्रिलमध्येच घ्या, तेव्हा पहिल्या वर्षाचे सगळेच नवखे असतात. ऑगस्टला जाणाऱ्यांना थोडं जड जातं कारण तोवर गट जमलेले असतात, पण पहिल्याच आठवड्यात होमरूम टीचरना क्लब बघायचाय म्हणून सांगा, मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलंत तरी चालेल.