आईच्या घरातली मागची खोली

बाबा गेल्यापासून आई कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये एकटीच. मी बंगळुरूला, भाऊ देशाबाहेर. मागची खोली बंदच असायची, त्यात बाबांचं टेबल, जुनी इस्त्री, दिवाळीचे आकाशकंदील, आणि आठवड्यातून एकदा आई तिथला केर काढायची, बस्स. दोन वर्षांपूर्वी ओळखीतून लातूरकडची एक मुलगी आली, नर्स आहे, तोपर्यंत कॉट बेसिसवर राहत होती. म्हणजे एका खोलीत चार कॉट, बॅग कॉटखाली, आणि त्याचे महिन्याला साडेआठ हजार, जेवण वेगळं. नाइट करून सकाळी झोपायला यावं तर बाकीच्या तिघींची आवराआवर चालू, लाइट लावलेला, झोप कुठली. आईने तिला मागची खोली सहा हजारात दिली, स्वयंपाकघर दोघींचं मिळून.

पहिला विरोध माझाच होता. भीती तीच जी आपल्याकडे घराघरात आहे, की भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही. आणि ही भीती उगाच आलेली नाहीये. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, त्यातून वाट म्हणून लोक लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, करायला लागले, तर 1973 मध्ये दुरुस्ती आली आणि त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते ते सरळ संरक्षित भाडेकरू झाले, म्हणजे त्यांना सहजी काढता येईना. ज्यांनी थोड्या दिवसांसाठी म्हणून खोली दिली होती त्यांच्या हातून ती गेलीच. ते बघितलेल्या माणसांनी कुलपं लावली आणि किल्ली पुढच्या पिढीलाही कुलपासकटच दिली.

पण 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आहे, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मुदत संपली की लायसन्सवर राहणाऱ्याने निघायचं, नाही निघाला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि निघेपर्यंत दुप्पट पैसे लागतात. अट एकच, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही असं अजून कितीतरी लोक सांगतात, महाराष्ट्रात ते खरं नाही. आमचा खर्च सांगते, स्टँप ड्युटी दोनशेच्या आत आणि नोंदणी फी हजार. आईने डायनिंग टेबलवर बसून मशीनवर अंगठा दिला, पोलिसांकडची माहिती भरली, झालं.

खरा त्रास दिला तो सोसायटीच्या कमिटीने. आधी म्हणाले बॅचलर चालणार नाहीत, मग म्हणाले नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरा, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते जादा पैसे. अहो, आई त्याच घरात राहतेय, रोज त्याच लिफ्टने खाली येऊन भाजी घेतेय, मग नॉन-ऑक्युपन्सी कसली? घर पूर्ण भाड्याने दिलं तरी ते चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत असा 2001 चा शासन आदेश आहे. तो छापून दिला तेव्हा गप्प बसले. मला राग येतो तो याचा, की एकट्या बाईला हे सगळं उभं राहून भांडावं लागतं, दुसरी एखादी असती तर तिने सोडूनच दिलं असतं.

आणि आपल्याला हे नवीन थोडंच आहे. माझे आजोबा रत्नागिरीहून लालबागला गिरणीत आले ते गावकीच्या खोलीत राहिले, एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची, प्रत्येकाची जागा म्हणजे त्याची ट्रंक, जेवायला खानावळ. पुढे बिऱ्हाड केलं तेव्हा त्यांनीही पोटभाडेकरू ठेवला, त्याच्या भाड्यावर आईच्या शाळेची फी निघायची. गोव्याच्या खलाशांचे मुंबईत धोबी तलावच्या बाजूला कूड, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून राहायच्या जागा, असायचे तेही असंच. मुंबई उभी राहिली ती अशा वाटून घेतलेल्या खोल्यांवर. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली, आणि त्यात फक्त अख्खी रिकामी घरं मोजलीयत, आईच्या मागच्या खोलीसारख्या खोल्या त्यात धरलेल्याच नाहीत.

सगळं गोडगोड आहे असं नाही. पहिले तीन महिने गीझरवरून कुरबुर झाली, ती रात्री एकला ड्यूटीवरून आली की दाराच्या आवाजाने आईची झोप मोडायची. मग दोघींनी बसून ठरवलं, ते कागदावर लिहून फ्रीजवर लावलंय, पाहुणे कधी, दूध कुणी आणायचं, खालचा कप्पा तिचा. मसाल्याच्या कपाटात आता आईचा गोडा मसाला आणि तिच्या घरून येणारा काळा मसाला शेजारी शेजारी असतात, आणि आमटीत गूळ घालायच्या आधी आई तिची वाटी बाजूला काढून ठेवते.

गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला चार दिवसांवर सुट्टी मिळाली नाही. दिवसातून चार वेळा दोन वेगळे थेंब, मध्ये पाच मिनिटं थांबायचं, असा महिनाभर कार्यक्रम होता. तिने केलं सगळं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, मग आईनेच त्या महिन्याचं भाडं घेतलं नाही.

परवा आईचा फोन आला होता, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू कराराची झेरॉक्स मागून घेऊन गेल्यात.