निसर्ग वादळाची रेषा वाचताना

मे 2020चा शेवट. लॉकडाउनमुळे मी पुण्यात अडकलेली, काका-काकू रायगडातल्या दिवेआगरच्या वाडीत. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय असं कळलं आणि मी मोबाइलवर विंडी हे हवामानाचं ॲप उघडलं. त्यात अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ अशी दोन्ही मॉडेल्स, म्हणजे संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारी गणितं, दिसतात. रात्री पाहिलं तर वादळ एका ठिकाणी किनाऱ्याला लागायचं, सकाळी उठून पाहावं तर जागा हललेली. आपल्यालाच हे बघता येत नाही, असं वाटून मी रडकुंडीला आले होते.

मग वाचत गेले. वादळाने बाळसं धरलेलं नसतं तेव्हा त्याचं केंद्रच पक्कं नसतं. भर समुद्रात मोजमापंही थोडी. त्यामुळे सुरुवातीच्या स्थितीत जरासा फरक पडला तरी तीन दिवसांनंतरची वादळाच्या मार्गाची रेषा भलतीकडे जाते. शिवाय हे वादळ आधी उत्तरेला आणि मग ईशान्येला वळणार होतं. वरच्या थरांतल्या वाऱ्यांनी ते लवकर वळवलं तर रायगड, उशिरा वळवलं तर पालघर-दमण.

तेव्हापासून वही घातली. जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं; आपल्या वेळेनुसार सकाळी-संध्याकाळी साडेपाच आणि साडेअकराच्या स्थितीवरून. निकाल यायला चार-पाच तास लागतात. प्रत्येक वेळी मी किनाऱ्यावरची जागा आणि वेळ लिहायची. एका नकाशावर 09 असं वाचून काकांना मी ‘सकाळी नऊ’ सांगून बसले. ते 09 यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे होते; आपले दुपारचे अडीच. लक्षात आल्याबरोबर परत फोन लावला.

डोळे उघडले ते ईसीएमडब्ल्यूएफच्या 51 रेषांच्या चित्राने. तेच मॉडेल सुरुवात किंचित बदलून 51 वेळा चालवतात. तो रेषांचा झुपका पाहिला आणि एकाच रेषेवर जीव टांगून ठेवणं मी सोडलं. इंटरनेटवर मिळणारी जीएफएसची आकडेवारी पाव अंशाच्या चौकटीत असते, म्हणजे साधारण 28 किलोमीटर. अलिबाग आणि दिवेआगर यांच्यामध्ये अशा जेमतेम दोन चौकटी!

2 जूनला काका म्हणाले, “अगो, टीव्हीवर अलिबाग म्हणतायत. आपल्याकडे थोडा वारा येईल इतकंच.”

हवामान खात्याचा इशारा माझ्यासमोर होता: हरिहरेश्वर ते दमण, अलिबागजवळ. टीव्हीवर शेवटचा शब्द तेवढा मोठा झाला होता. “काका, पट्टा हरिहरेश्वरपासून सुरू होतोय. म्हणजे आपण त्याच्या आत आहोत,” मी म्हटलं. ते गप्प झाले. हा फोन मी दोन दिवस आधी करायला हवा होता असं मला आजही वाटतं. संध्याकाळी दोघं कौलारू घर सोडून शेजारच्या स्लॅबच्या घरात गेले. सोललेली सुपारी पोत्यांत भरून माळ्यावरून खाली आणली, विहिरीवरचा पंप काढून ठेवला.

3 जूनला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूलाच किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर. काकांचा फोन सकाळीच बंद झाला होता. पुढचे चार दिवस मी वही मांडीवर घेऊन नुसती नंबर फिरवत होते. पाचव्या दिवशी कोणाच्या तरी फोनवरून काकू बोलली: “आम्ही बरे आहोत गो. पोफळी मधोमध मोडल्यात. घरावर एक कौल नाही.”

मे 2021मध्ये तौक्ते वादळ आलं. ते किनाऱ्याला समांतर, समुद्रातूनच वर गुजरातकडे जाईल असा अंदाज होता आणि तसंच झालं. त्या वेळी फोन काकांचा आला. “रेषा किती लांबून जातेय ते राहू दे,” ते म्हणाले, “झुपक्यातली सगळ्यात जवळची कुठून जातेय ते सांग.” मी पाहून सांगेपर्यंत काकूने पंप काढायला घेतला होता.