तुम्ही विचारलंत म्हणून : मिशनची शाळा, मिससाहेब आणि कानबाईचे रोट

‘तुम्ही मिशनच्या शाळेत होतात ना? मग तुम्हाला बाटवलं नाही का हो?’

हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. बँकेत लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावरून आला. मुलीची सोयरीक जमवताना व्याह्यांनी आडून आडून विचारला. परवा जळगावला एका साखरपुड्यात शेवभाजी वाढणाऱ्याने, वाटी भरता भरता, सरळच विचारला. मी ‘नाही’ म्हणालो आणि भाकरी मोडली. पण घरी आल्यावर वाटलं, एवढ्या वर्षांत एकदाही आपण नीट उत्तर दिलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता देतो.

आमचं गाव सुरत-भुसावळ लाईनवरचं, नंदुरबार आणि नवापूरच्या मधलं. नंदुरबार जिल्हा झाला 1998 साली. आमच्या लहानपणी कोर्टकचेरीचं सगळं काम धुळ्याला. मुलूख असा, की नवापूर स्टेशनात तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. आमच्या घरात अहिराणी, बाजाराच्या दिवशी मावची आणि भिली, उधारीच्या वहीत गुजराती, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पश्चिम खानदेशात स्वीडन-नॉर्वेकडचे मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून येत होते. त्यांच्यातल्याच एका स्वीडिश बाईंनी स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी एका खळ्यात चार वर्ग भरवले आणि त्याचं पुढे हायस्कूल केलं. गावाने त्यांना नाव दिलं मिससाहेब. त्यांचं खरं नाव मलाच मोठेपणी कळलं, आणि ते उच्चारताना अजून जीभ अडखळते, म्हणून इथेही मिससाहेबच.

उंच, हाडापेराने मोठ्या, पांढरा सुती झगा, पायात बाटाच्या चपला. उन्हाने हात कोपरापर्यंत तांबडेलाल आणि वर दुधासारखे. झगा शिवायला माप घेताना आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते दिसलं होतं आणि ते घरी येऊन सांगत, ‘बाईला दोन कातड्या आहेत.’ शाळेची घंटा म्हणजे निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो मिससाहेब स्वतः वाजवायच्या, शिपाई असतानाही.

मी पाचवीत गेलो 1969 साली. पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी घरी आली. धर्मशिक्षणाच्या तासाला तुमच्या मुलाला बसवायचं की नाही, ते लिहून सही करा. आपल्या राज्यघटनेच्या 28व्या कलमात हे आहे : मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्माच्या शिकवणीला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. कायद्यात असणं वेगळं आणि कुणी शिंप्याच्या घरी चिठ्ठी पाठवणं वेगळं. आप्पांना वाचता येत नव्हतं. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, वाचून दाखवलं, आप्पांनी खडू कानावर अडकवला आणि म्हणाले, ‘नको लिही.’ खाली त्यांनी सही म्हणून काहीतरी गिरवलं, ते मशीनच्या टाक्यासारखं दिसत होतं.

झालं. आठवड्यातून दोनदा, बाकीचे आत बसले की आम्ही सहा-सात ‘नको’वाले व्हरांड्यात. आम्हाला वाचनालयाचं एक कपाट उघडून दिलेलं असे. पण खिडकीला दार नव्हतं, नुसते गज होते. आतली गोष्ट आम्हाला पुरती ऐकू यायची. उधळ्या मुलाची गोष्ट मी त्या गजांना लटकून ऐकली आहे, आणि त्याला डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटतात तिथे आम्ही सगळे हसलो म्हणून मिससाहेबांनी आतून, मान न वळवता, ‘बाहेरच्यांनी बाहेरचं वाचावं’ असं म्हटल्याचंही आठवतं. आज बायबलातल्या गोष्टी मला आत बसलेल्यांपेक्षा जास्त येतात. मला वाटतं, खिडकी बसवून घ्यायला त्यांना कधी पैसे कमी पडले नव्हते.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर हे उत्तर अर्धं राहील. वसतिगृहातल्या काही मुलांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या वर्गातल्या एकाने घेतला तेव्हा त्याच्या बापाने वर्षभर त्याला ओटा चढू दिला नाही. मिससाहेबांना आनंद झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. त्या धर्म सांगायलाच आल्या होत्या. समाजसेवेचं पांघरूण त्यांनी कधी घेतलं नाही. उलट मला पुढे जे लोक भेटले, ज्यांना मनातून एक हवं असतं आणि तोंडाने दुसरं मागतात, त्यांच्यापेक्षा हे बरं होतं.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. सातपुड्यातल्या मुलांना होळी म्हणजे दिवाळीहून मोठी. आधीचा भोंगऱ्या बाजार, मग अक्कलकुव्याकडच्या काठीची होळी, रात्रभर ढोल. मिससाहेबांच्या लेखी तो रात्रीचा धिंगाणा. एका वर्षी त्यांनी सुट्टी दिली नाही. रात्रीतून अकरा पोरं भिंतीवरून उडी टाकून डोंगराकडे चालत गेली. सकाळी त्यांनी एकेक नाव वाचलं आणि उत्तर यायची वाट पाहून लाल शाईने ‘गैरहजर’ लिहिलं, अकराही वेळा. वसतिगृहातून नावं कमी झाली. नऊ परत आले, दोघे आले नाहीत. पुढच्या वर्षापासून होळीला पाच दिवस सुट्टी मिळू लागली, पण त्या दोघांचं काय?

हेच हजेरीपुस्तक, पण त्यांनी दुसऱ्या टोकालाही तसंच चालवलं. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत बारडोली-मढीकडे जायची. पोरं, कोंबड्या, भांडी सगळं ट्रकवर. वर्ग रिकामे. मिससाहेब तेव्हा गुरुजींना घेऊन उसाच्या फडात जाऊन पोहोचायच्या. आईबापांना परत या म्हणून काही उपयोग नव्हता, पोट होतं. त्या म्हणायच्या, पोरगं माझ्याकडे ठेवा, होळीला घेऊन जा. वसतिगृह निघालं ते यातून. 1972 च्या दुष्काळात तिथे सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेलं पौष्टिक पीठ, शिजायची आणि आम्ही गावातली पोरंही पत्र्याच्या ताटल्या घेऊन उभी राहायचो. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी खाऊन घशाला कूस टोचल्यासारखं व्हायचं, त्यामानाने सुकडी म्हणजे मेजवानी.

आमच्या घरात त्या शिरल्या त्या आप्पांच्या दुकानातून. गणवेश आप्पा शिवायचे. खाकी चड्डीला खाली चार बोटं दुमड आणि शिवणीत भरपूर कापड आत सोडलेलं, म्हणजे तीच चड्डी उसवून दोन-तीन वर्षं चालावी. मिससाहेबांनी विचारलं, ‘हे आत ठेवतात त्याला काय म्हणायचं?’ आप्पा म्हणाले, ‘माया.’ त्यांना पटेना. त्यांना आईची माया माहीत होती, वेदान्तातली ठाऊक होती, ही तिसरी कुठली? आप्पांनी चड्डी उलटी करून दाखवली. बाईंनी पर्समधून वही काढली आणि दुकानातच उभ्या उभ्या लिहून घेतलं. त्यानंतर त्या आप्पांना ‘शिंपीदादा’ म्हणू लागल्या आणि दुकानात शिरताना ‘कसं काय शे?’ एवढी अहिराणी न चुकता बोलत. अख्खा बाजार हसायचा.

अक्का सातवी झाली. आप्पा म्हणाले, बस्स. मिससाहेबांनी भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या झग्याचं एक तुटलेलं बटण घेऊन आल्या. स्टुलावर बसल्या, बटण लागेपर्यंत गप्पा, ‘अक्का कधी येणार शाळेत?’ हा एकच प्रश्न, आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी दुसरं बटण. आईचं म्हणणं, ती स्वतःच तोडून आणते. आठव्या का नवव्या बटणाला आप्पा वैतागले, म्हणाले, ‘जाऊ दे पोरीला, नाहीतर बाई उघडी फिरेल.’ अक्का मॅट्रिक झाली, पुढे नर्स झाली. मी 1975 च्या दहावीच्या पहिल्या बॅचचा. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही शेवटची परीक्षा, म्हणून केंद्रावर ही गर्दी.

आता रोटांची गोष्ट, जी मला खरं तर त्या शेवभाजीवाल्याला सांगायची होती.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेऊन दळायचं, त्याचे रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, जावयालासुद्धा नाही. त्या रविवारी संध्याकाळी मिससाहेब दारात उभ्या राहिल्या. नारळाला डोळे, नथ, लुगडं, सगळं त्यांनी नीट पाहिलं. मग मोठ्या मायसमोर, म्हणजे आजीसमोर, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि रोटाकडे बोट दाखवून हात पुढे केला. घर गप्प. आईने पदर तोंडात धरला. मोठी माय शांतपणे म्हणाली, ‘तुले देता येवाव नही माय. हाऊ रोट आमना भाऊबंदस्ना शे.’

मला वाटलं, आता शाळेतून नाव जातंय. अक्काने मराठीत समजावून सांगितलं. मिससाहेबांनी हात मागे घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे. आमच्या प्रभुभोजनाची भाकरही मी तुम्हाला देऊ शकत नाही.’ अक्काने ते मोठ्या मायला उलटून सांगितलं. मोठ्या मायने बाईंकडे नव्याने पाहिलं. तिला बाईंच्या देवाबद्दल काही आस्था नव्हती, पण जो देव भाऊबंदकी पाळतो तो अगदीच परका नसावा, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं. तिने वेगळ्या तव्यावर त्यांच्यासाठी साधी पोळी भाजली. पुढे दरवर्षी त्या यायच्या, आणि दरवर्षी ती वेगळी पोळी.

तर बाटवलं का? व्हरांड्यात बसवलं, हे खरं उत्तर.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मिससाहेब वय झालं म्हणून परत गेल्या. जायच्या आधी आप्पांनी त्यांना जाड कापडाचा झगा शिवून दिला, पैसे घेतले नाहीत. तिकडे थंडी, आत स्वेटर घालावा लागेल, म्हणून दोन्ही शिवणींत एवढी माया ठेवली की झगा आतून दुसरा झगा शिवल्यासारखा जड झाला. पुढच्या पावसाळ्यात स्वीडनहून पत्र आलं, मराठीत, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका नसलेलं. त्यात एक ओळ आप्पांसाठी होती : ‘शिंपीदादा, इथे बसून बसून मी जाड झाले. माया उसवावी लागली.’

आप्पांनी ती ओळ अक्काकडून दोनदा वाचून घेतली. मग काळजीत पडले. दोन्ही बाजूंची उसवली की एकाच? एकाच बाजूची उसवली असेल तर झगा तिरपा बसणार. तेवढं विचारायला त्यांनी मला पोस्टात हवाईपत्र आणायला पिटाळलं.