मेद फोडणारं एन्झाइम अडवलं, तर दाह कमी होतो का?

पेशीतल्या मेदाच्या थेंबांत ट्रायग्लिसराइड साठलेलं असतं. त्यातलं पहिलं फॅटी ॲसिड एटीजीएल हे एन्झाइम तोडतं. सुटणाऱ्या ॲसिडांत ॲराकिडोनिक ॲसिडही असतं आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी त्यापासून दाह वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ बनवतात. म्हणून एटीजीएल अडवलं की मॅक्रोफेजमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ घटतं, आयएल-६ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिनही उतरतं. प्रत्येक पेशीत असंच होईल, असं मात्र धरून चालू नका.

खारघर, महापे, ठाणे, कुठल्याही लॅबमध्ये हा प्रयोग करणाऱ्यांनी आधी पेशी कुणाची ते बघावं. एटीजीएल अडवणारं ॲटग्लिस्टॅटिन हे रसायन उंदराच्या एटीजीएलवर चालतं, माणसाच्या एटीजीएलवर जवळजवळ नाहीच. टीएचपी-१ या मानवी पेशींवर ते वापरून ‘परिणाम नाही’ लिहिणं म्हणजे महिन्याची मेहनत पाण्यात. त्यांच्यासाठी मानवी एटीजीएल अडवणारं एनजी-४९७ घ्या. रॉ २६४.७ या उंदराच्या पेशींना १० ते २० मायक्रोमोलर ॲटग्लिस्टॅटिन एक-दोन तास आधी द्या, मग दाह पेटवायला १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक). कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या पेशींना, तेवढंच डीएमएसओ (ज्यात ॲटग्लिस्टॅटिन विरघळवतात तो द्रव), शक्यतो ०.१ टक्क्यापर्यंत.

आपल्याकडच्या पावसाळ्यात डीएमएसओ हवेतली ओल झपाट्याने शोषतं. बाटली उघडी ठेवू नका, डीएमएसओत विरघळवलेला ॲटग्लिस्टॅटिनचा स्टॉक छोट्या ट्यूबांत वाटून गोठवा.

पेशींत मेदाचे थेंब भरायला ओलिक ॲसिड देत असाल, तर त्याला वाहून नेणारं अल्ब्युमिन हे प्रथिन एंडोटॉक्सिनमुक्तच (म्हणजे एलपीएस नसलेलंच) हवं. नाहीतर एलपीएस न दिलेल्या पेशीही भडकतात, आणि फरकच दिसत नाही. बॉडिपी ४९३/५०३ या मेद चमकवणाऱ्या रंगाने थेंब रंगवून बघा: ते वाढलेच नाहीत, तर बहुधा एन्झाइम अडलेलंच नाही.